टपाला भोक न पाडता

बुधवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझ्या बायकोने तिच्या वडिलांकडून त्यांच्या पिकअपची किल्ली काढून घेतली आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात, अगदी तळाशी, खुपसली.

घटनेच्या कारणाबद्दल वाद नाही. माझे सासरे खंडेराव, म्हणजे नाना, वय त्र्याहत्तर, सायखेड्याला शेवंती लावतात आणि स्वतःच्या पिकअपमधून पहाटे नाशिकच्या फुलबाजारात आणतात. त्या दिवशी गोदाकाठी धुके होते. समोरचे दिसेना, म्हणून नानांनी पुढे चाललेल्या एसटीचा मागचा लाल दिवा धरला. एसटी थांबली की नाना थांबायचे. एसटी वळली की नाना वळायचे. शेवटी एसटी आगारात शिरली आणि नानाही शिरले. तिथल्या पहारेकऱ्याने पिकअपच्या मागे रंगवलेला मोबाइल नंबर फिरवला. तो नंबर माझा आहे, कारण गाडीवर स्वतःचा नंबर टाकला की लोक उगाच फोन करतात, असे नानांचे मत आहे.

"गाड्या धुवायच्या रांगेत एक पिकअप उभी आहे," पहारेकरी म्हणाला. "शेवंतीनं भरलेली. आजोबांना विचारलं तर म्हणतात, पुढची सरकली की मी पण सरकतो."

शुभांगी रिक्षाने आगारात गेली आणि वाटेत फुले बाजारात उतरवून त्यांना पिकअपसकट घरी घेऊन आली. आमच्या स्वयंपाकघरात जे बोलणे झाले ते मी चहा गाळता गाळता ऐकले.

"नाना, तुम्हाला दिसत नाही."

"दिसतं मला. धुकं व्हतं."

"बाकीच्यांना त्याच धुक्यात बाजार सापडला."

"त्यांच्या गाड्या नव्या. दिवे भारी. माझी गाडी वीस वर्षांची. तिचे दिवे म्हंजे नुसत्या पणत्या."

हे बोलायला नको होते. शुभांगी शाळेत गणित शिकवते. समोरच्याने स्वतःहून मांडलेले समीकरण ती सोडत नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली. "गाडीला चांगले दिवे बसवू. मी शेजारी बसून बघेन. दिसलं तर किल्ली तुमची. नाही दिसलं तर गाडी विकायची आणि फुलं पुंजाच्या टेम्पोतून पाठवायची."

नानांच्या हातातली बशी थांबली. पुंजा हा त्यांचा शेजारचा शेतकरी. नाना त्याच्या टेम्पोतून फुले पाठवत नाहीत, कारण तो शेवंतीच्या क्रेटवर कोथिंबिरीच्या जुड्या ठेवतो. शिवाय पुढच्या आठवड्यात मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. नाशिकमधल्या निम्म्या घरांत त्या दिवशी पाटावर कलश मांडला जातो आणि त्याला शेवंतीची वेणी लागते. आदल्या दिवशी, म्हणजे बुधवारी पहाटे, नानांचा माल नानांच्या गाडीतून नानांनीच बाजारात उतरवायचा, हा त्या घराचा नियम आहे.

"लावा दिवे," नाना बशी खाली ठेवत म्हणाले. "पण एक. टपाला भोक पाडायचं नाय."

"का?"

"पाणी गळतं."

हे कारण मी तपासून न पाहता स्वीकारले. वर्तमानपत्राच्या डेस्कवर तेवीस वर्षे काढलेल्या माणसाकडून असे व्हायला नको होते.

काम माझ्याकडे आले, कारण माझी ड्युटी संध्याकाळी पाचला सुरू होते आणि दिवसभर मी घरी असतो. दिवसा घरी असणारा माणूस रिकामा असतो, यावर आमच्या सोसायटीत एकमत आहे. गाडी आमच्या पार्किंगमध्ये राहिली आणि गाडीमागोमाग नानाही राहिले. "गाडी इथं तर मी इथं," एवढेच ते म्हणाले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत खुर्ची टाकून तिच्यावर लक्ष ठेवू लागले.

खालच्या मजल्यावर मोगल काका राहतात. ओझरला विमानांच्या कारखान्यात त्यांनी नोकरी केली. तिथे ते नेमके काय करत हे त्यांनी कधी सांगितले नाही, पण नळाची गळती असो की लिफ्टचा आवाज, ते प्रत्येक सल्ल्याची सुरुवात "विमानात कसं असतं" अशी करतात.

"विमानात कसं असतं," काका म्हणाले, "नको तिथं भोक पाडतच नाहीत. तुम्ही लोहचुंबकाचे दिवे घ्या. खाली चुंबक, वर दिवा. एकेक चुंबक चाळीस किलो ओढतो. टप लोखंडाचा आहे ना? झालं तर मग."

मी दोन गोल एलईडी दिवे मागवले. ते शुक्रवारी आले. शनिवारी सकाळी नऊ वाजता मी शिडी लावून टपावर चढलो. नानांनी खालून शिडी धरली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला खुलासा द्यायला सुरुवात केली.

"जावई हाय आमचे. मी नको म्हणलं व्हतं. त्यांना हौस हाय."

सायखेड्याकडे जावयाला पाण्याचा तांब्याही स्वतः उचलू देत नाहीत. जावई टपावर आणि सासरा शिडीशी, हे दृश्य गावातल्या कोणी पाहिले तर काय, या काळजीने नाना पार्किंगमधल्या दुधवाल्याकडेही संशयाने बघत होते.

डावीकडचा दिवा टेकवला. चुंबकाने टप असा धरला की माझी करंगळी मधे राहिली आणि ती सोडवायला मोगल काकांना स्क्रू ड्रायव्हर आणावा लागला. उजवीकडचा दिवा टेकवला. तो गरम थालीपिठावरच्या लोण्यासारखा शांतपणे घसरत निघाला, काचेवर आला, बॉनेटवर उतरला आणि नानांच्या पायाशी थांबला.

"डावीकडंच लावा दोन्ही," नाना लगेच म्हणाले.

"नाना, एका बाजूला दोन्ही लावून कसं चालेल?"

"मला डावीकडचंच कमी दिसतं."

मी हे लिहून घ्यायला हवे होते. पण त्या वेळी मोगल काका बोलत होते. त्यांचे निदान असे की पृथ्वीही एक चुंबक आहे आणि गाडी चुकीच्या दिशेला तोंड करून उभी आहे. तिचे तोंड त्र्यंबकच्या बाजूला केले की उजवा दिवा धरेल. मी किल्ली मागायला वर गेलो. शुभांगीने ती पिठासकट दिली आणि "फक्त पार्किंगपुरती" असे दोनदा बजावले. गाडी फिरवण्यासाठी आधी तीन मोटारी हलवाव्या लागल्या. त्यांपैकी एकीचे मालक आंघोळीला गेले होते. मग सोसायटीच्या सेक्रेटरी भाग्यश्रीताई खाली आल्या आणि पाहुण्यांच्या मालवाहू वाहनाने किती दिवस राहावे, याबद्दल त्यांनी अत्यंत सभ्य भाषेत विचारणा केली. दहा वाजून पन्नास मिनिटांनी पिकअप त्र्यंबकच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. उजवा दिवा पुन्हा नानांच्या पायाशी आला.

"चुंबक बनावट," मोगल काका म्हणाले. "विमानात कसं असतं, सगळं चिकटवतात."

रविवारी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आली. टप स्पिरिटने पुसून घ्यायचा होता. मी उजवी बाजू पुसत असताना नाना खालून तीन वेळा म्हणाले, "लय घासू नका." दिवे चिकटले. सरळ, घट्ट, देखणे. चोवीस तास हात लावू नये, असे पाकिटावर छापले होते. मोगल काकांनी चार तास दम धरला. मग ते शिडीवर चढले आणि धरतोय का हे पाहण्यासाठी उजवा दिवा दोन्ही हातांनी ओढला.

दिवा हातात आला. त्याच्याबरोबर तळहाताएवढा पांढरा रंगही आला. त्याखाली लोखंड दिसायला हवे होते. तिथे गुलाबी, खडूसारखे काहीतरी होते. काकांनी नखाने ओरखडले आणि त्याची भुकटी त्यांच्या चष्म्यावर पडली.

"ही लांबी आहे," ते म्हणाले.

गॅरेजवाले पत्र्याचे पोचे बुजवायला जे लुकण भरतात, घासतात आणि वरून रंग मारतात, त्याला लांबी म्हणतात. मी नानांकडे पाहिले.

"कंपनीतूनच तसं येतं," नाना म्हणाले, आणि वर चहा प्यायला गेले.

सोमवारी सकाळी मी फ्रिजवरचा आंब्याच्या आकाराचा छोटा चुंबक घेऊन पुन्हा टपावर गेलो. बोटाबोटावर तो टेकवत गेलो. जिथे तो धरत होता तिथे काही केले नाही. जिथे सुटत होता तिथे खडूने टिंब काढले. पंचवीस मिनिटांनी टिंबे जोडली. उजव्या कोपऱ्यापासून टपाच्या मध्यापर्यंत एक आकार तयार झाला, पुढे रुंद आणि मागे निमुळता. पावसाच्या गळतीने असा आकार होत नाही. त्या आकाराला दिशा होती.

मी नानांना गाडीत बसवून वडाळा नाक्याजवळ खलील मिस्तरीकडे निघालो. किल्ली या वेळी "गॅरेजपुरती" मिळाली होती. मला पिकअप चालवता येते असे मी म्हणतो. नाना तसे म्हणत नाहीत.

"जावईबापू, तिसरा गिअर हाय बरं का गाडीला," ते द्वारका चौकाजवळ म्हणाले. "ह्या चालीनं बाजारात जायचं तर फुलांचं बी व्हईल रस्त्यात."

खलील मिस्तरी पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी खडूची आकृती पाहिली आणि बोटाच्या पेराने टप वाजवायला सुरुवात केली. डावीकडे ठण्ण, ठण्ण. उजवीकडे ठप्प. मग कान लावून पुन्हा ठप्प.

"काम एक नंबर आहे साहेब," ते म्हणाले. "आपल्या नाशकातलं नाही. ही कड बघा, अशी हाताने गोल घासलेली. घोटीला एक कारागीर आहे, तोच असं करतो. बाकी सगळे मशीन मारतात."

"भोक पाडलं तर?"

"पापड होईल." मग त्यांनी नानांकडे पाहिले. "नाना, गाडी उलटली होती का हो?"

नाना गॅरेजच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचत होते. ते मागच्या वर्षीचे होते.

घोटी हा शब्द माझ्या डोक्यात फिरत होता. गेल्या माघात नाना तांदूळ आणायला घोटीला गेले होते. तांदूळ आणायला चार दिवस कसे लागले, हे तेव्हा कोणी विचारले नाही, कारण ते दोन पोती इंद्रायणी घेऊन आले आणि सगळ्यांना वाटून टाकला. आमच्या घरी यंदाच्या दिवाळीपर्यंत तोच भात होता. शेजाऱ्यांनीही खाल्ला. मोगल काकांनी तर वासाची तारीफ केली होती.

समोरच्या टपरीवर चहा घेताना मी फक्त एवढेच म्हणालो, "नाना, तांदूळ फार चांगला होता."

त्यांनी ग्लास बाकावर ठेवला.

"मळ्यातून निघालो व्हतो," ते म्हणाले. "असंच धुकं. पाटचारीपाशी वळण हाय ना, तिथं. वळण मला ठाऊक हाय. जलमभर तिथनंच गेलो. पण त्या दिशी ते लवकर आलं. गाडी खाली कलली अन् टप बाभळीला जाऊन टेकला. ऊसतोडीची माणसं चालली व्हती, त्यांनी दोर लावून काढली. मला काय झालं नाय. खरचटलं पण नाय."

"आणि कोणाला सांगितलं नाहीत."

"सांगून? शुभीनं त्याच दिशी किल्ली घेतली असती."

"नाना, खरं सांगा. दिसतं का?"

"दिसतं," ते म्हणाले. मग ग्लास पुन्हा उचलत म्हणाले, "दिसतं सगळं. फक्त जरा उशिरा दिसतं."

रस्त्यापलीकडून खलील मिस्तरी आम्हाला हाका मारत होते. नाना उठताना माझ्या दंडाला धरून म्हणाले, "जावईबापू, हे छापू नका."

गोपनीय सूत्रांना दिलेला शब्द मी आजवर मोडलेला नाही. पण आजवर कोणतेही गोपनीय सूत्र माझ्या बायकोचे वडील नव्हते. शिवाय ते पुढच्या धुक्यात गाडी चालवणार होते. मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मलाही नीट सांगता येणार नाही.

खलील मिस्तरींनी दिव्यांचा प्रश्न तोवर सोडवला होता. आम्ही तीन दिवस टपाशी झुंजत होतो. टपाच्या मागे, हौद्याच्या पुढच्या बाजूला, लोखंडी पाइपची जाळी आहे आणि ती टपापेक्षा हातभर उंच आहे. तिला त्यांनी दोन शिकंजे आवळले, शिकंज्यांत दिवे बसवले आणि हात पुसले. वेळ लागला अकरा मिनिटे. भोक एकही नाही.

"ही जाळी इथे कधीपासून आहे?" मी विचारले.

"गाडी घेतली तवापासनं," नाना म्हणाले.

वायर हौद्यातून खाली घेऊन जोडली. बटण दाबले. दिवे लागले, आणि त्याच क्षणी गाडीच्या मागच्या भोंग्यातून एक बाई बोलू लागली, "सावधान! गाडी मागे येत आहे." बटण बंद केले की बाई गप्प. तीन वेळा पाहिले. तीनही वेळा तेच.

"रिव्हर्सची वायर कुठेतरी चिकटलीय," खलील मिस्तरी म्हणाले. "गुरुवारी आणा, शोधून देतो. तोवर काय, दिवे तर लागतायत ना."

मंगळवारी सकाळी मी एका कार्यालयात गेलो. कार्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण तिथे मला परत जायचे आहे. गाडीच्या मूळ दिव्यांखेरीज वर झोत टाकणारे दिवे लावायचे तर मंजुरी लागते, असे मला डेस्कवरच्या एका सहकाऱ्याने सांगितले होते. खिडकीतले गृहस्थ शांत होते.

"टपावर लावलेत?"

"नाही. टपाच्या मागे, जाळीवर."

"टपापेक्षा उंच?"

"हो."

"म्हणजे टपावरच. अर्ज द्या. मंजुरी येईपर्यंत रस्त्यावर झाकून ठेवायचे."

"पण झाकलेल्या दिव्याचा उपयोग काय?"

"ते अर्जात लिहा," गृहस्थ म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. मी ते अर्जात लिहिले आणि त्यांनी त्यावर शिक्का मारला.

त्या दुपारी आम्ही तिघे सायखेड्याला पोचलो. शुभांगीने बुधवारची आणि मी मंगळवारची रजा टाकली होती. माझ्या सासूबाई सखुबाई यांना फोनवर झाकणांचे सांगितले होते. त्यांनी घरात असलेल्या खणाच्या तुकड्यांची, नाडी ओवलेली, दोन टोपरी शिवून ठेवली होती. हिरवा खण, लाल काठ. ती बांधायला मी हौद्यात चढलो तेव्हा वाडीवस्तीवरची माणसे गोळा झाली, आणि नानांना आठवडाभर ज्याची भीती होती ते घडले.

"अहो, जावयाला वर चढवलं!" सासूबाई ओरडल्या. "खाली या आधी! तुम्ही तरी सांगा की त्यांना!"

"हौस हाय त्यांना," नाना पडेल आवाजात म्हणाले.

खाली उतरल्यावर सासूबाईंनी मला पाटावर बसवले, पाय धुवायला गरम पाणी दिले आणि दिव्यांना हळदकुंकू लावले. टोपरी घातलेली पिकअप अंगणात एखाद्या बारशाला आल्यासारखी उभी होती.

त्या संध्याकाळी शुभांगीने मला विचारले, "तू काहीतरी लपवतोयस का?"

"मी?" मी म्हणालो. प्रश्नाला प्रश्नाने दिलेल्या उत्तरांवर मी स्वतः रोज लाल पेन चालवतो.

बुधवारी पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी आम्ही निघालो. हौद्यात शेवंतीचे चाळीस क्रेट. स्टिअरिंगवर नाना, दाराशी शुभांगी, मधे मी, आणि गिअर माझ्या गुडघ्यांत. धुके आदल्या बुधवारपेक्षा दाट होते. चाचणी मळ्यापासून हमरस्त्यापर्यंतच्या शिवाररस्त्यावर घ्यायची आणि हमरस्त्यावर टोपरी पुन्हा चढवायची, असे ठरले होते.

"लावा दिवे," शुभांगी म्हणाली.

नानांनी बटण दाबले. समोर भिंत उभी राहिली. पांढरी, उजळ, काचेपासून हातभर अंतरावर. रस्ता गेला, बांध गेले, बॉनेटसुद्धा गेले. मागून बाई म्हणू लागली, "सावधान! गाडी मागे येत आहे."

पुंजाचा टेम्पो आमच्या मागे तीस-चाळीस फुटांवर होता, हे आम्हाला माहीत नव्हते. धुक्यातून दोन प्रखर झोतांचा उजेड आणि गाडी मागे येत असल्याची सूचना, एवढीच माहिती त्याच्याकडे होती. "ओ नाना! ओ नाना, थांबा!" असे ओरडत त्याने टेम्पो मागे घ्यायला सुरुवात केली आणि तो थेट स्वतःच्या गोठ्यापर्यंत गेला. म्हशी बराच वेळ ओरडत होत्या.

मी मोगल काकांना फोन लावला. ते पाचला फिरायला निघतात.

"धुक्यात वरून उजेड?" काका म्हणाले. "तो सगळा धुक्यावरच पडणार. धुक्याचे दिवे बंपरखाली लावतात, जमिनीलगत."

"काका, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत, भोक न पाडता टपावर कसे लावायचे. कशाला लावायचेत हे तुम्ही बोललाच नाहीत. मला वाटलं, शोभेला."

नानांनी दिवे बंद केले. बाई गप्प झाली. मूळ दिव्यांच्या पिवळट उजेडात दहा-बारा फूट रस्ता परत आला. नानांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि रस्ता पाठ म्हणू लागले.

"आता सहादूची विहीर. मग चिंच. मग बांध डाव्या हाताला. बघ, आला का नाय बांध?"

बांध आला. चिंचही आली होती. प्रत्येक गोष्ट त्यांनी सांगितल्यावर चार सेकंदांनी दिसत होती. शुभांगी समोर बघत नव्हती. ती वडिलांच्या डोळ्यांकडे बघत होती. ते डोळे रस्त्यावर नव्हते. आठवणीतून पुढचे काढणाऱ्या माणसाचे असतात तसे किंचित वर लागलेले होते.

मग गाडी थांबली. कोणी थांबवायला सांगितले नव्हते.

"काय झालं?" शुभांगीने विचारले.

मी गिअरच्या दांड्याकडे पाहत राहिलो. नानांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. इंजिन चालू होते. धुक्यात उजवीकडे कुठेतरी पाटाचे पाणी वाजत होते.

"हितं पडलो व्हतो मी," नाना म्हणाले. "माघात. गाडी खाली गेली व्हती. घोटीला नेऊन नीट केली. तुझ्या नवऱ्याला ठाऊक हाय. मीच सांगू नका म्हणलं."

शुभांगीने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेबद्दल मी इथे काही लिहीत नाही. ती तांदळाबद्दल काहीतरी म्हणेल असे मला वाटले, पण ती म्हणाली, "लागलं होतं का?"

"नाय."

"खरं?"

"खांदा दुखला. महिनाभर. तुझ्या आईला म्हणलं, क्रेट उचलून दुखतोय."

ती दार उघडून खाली उतरली. गाडीपुढे गेली. मोबाइलचा टॉर्च लावला, कंबरेतून वाकली, हात गुडघ्याच्या खाली नेला आणि रस्त्याच्या उजव्या कडेवर उजेड धरून चालू लागली. कड दिसत होती. ओले गवत, चाकोरीची माती, तिच्या चपला. नाना तिच्यामागून, माणूस चालतो त्या वेगाने, गाडी नेत राहिले. वळण संपेपर्यंत ती वाकूनच चालली. मी खाली उतरून टॉर्च घेतो म्हणालो, तर तिने मागे न बघता हाताने मला बसून राहायची खूण केली.

हमरस्त्यावर ती परत आत बसली. साडीचा काठ चिखलाने भरला होता. मी टोपरी बांधायला वर चढलो आणि या वेळी नाना कोणाला काही म्हणाले नाहीत. मी खाली आलो तेव्हा नाना मधल्या जागेवर सरकलेले होते. स्टिअरिंगपुढची जागा रिकामी होती.

"चला जावईबापू," ते म्हणाले. "तिसऱ्या गिअरात चालवा पण."

चांदोरी आली. मग नाना समोर बघत म्हणाले, "शुभे, डोळ्याच्या दवाखान्याचं बघ. उद्याचा दिवस सोडून. उद्या बाजार हाय."

फुले सात वाजून पाच मिनिटांनी बाजारात उतरली. नेहमीपेक्षा पन्नास मिनिटे उशिरा. शेवंती नऊच्या आत संपली. गुरुवारचा माल पुंजाच्या टेम्पोतून आला, शेवंती वर आणि कोथिंबीर खाली, अशा लेखी नसलेल्या पण साक्षीदारांसमोर झालेल्या करारावर. रिव्हर्सच्या वायरचे काम अजून झालेले नाही. अर्जाचे उत्तर आलेले नाही.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला आम्ही नानांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. दोन्ही डोळ्यांत थेंब टाकून त्यांना पाऊण तास बसवले. मग आत बोलावले. डॉक्टर तरुण होत्या, सायखेड्याकडच्याच निघाल्या, आणि त्यांनी शेवंतीची चौकशी केली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा जास्त पिकलेला. आधी डावा करू, मग महिन्याने उजवा, असे त्या म्हणाल्या. मागे पडद्यावरही काहीतरी दिसते आहे. ते किती आहे आणि नजर किती परत येईल, हे ऑपरेशननंतरच कळेल, असेही म्हणाल्या. नानांनी ते ऐकून घेतले.

मग डॉक्टरांनी कागद पुढे ओढला आणि माहिती भरायला घेतली. नाव, वय, गाव, साखर, रक्तदाब.

"बाबा, गाडी चालवता का?" त्यांनी विचारले.

तेव्हा अकरा वाजून बावन्न मिनिटे झाली होती. शुभांगी भिंतीवरच्या तक्त्यातली सर्वांत खालची ओळ वाचत होती. नाना मोठ्या झालेल्या बाहुल्यांनी, बहुधा काहीच न दिसता, तिच्याच दिशेला बघत होते. डॉक्टरांचे पेन कागदावर टेकलेले होते.